अदमुरी

आमच्या धाकट्या जावेला मी 'अदमुरी' म्हणते. अदमुरं म्हणजे नुकतं लागलेलं दही. धड दूध नाही, धड आंबटही नाही. ती या घरात आली तेव्हा अशीच होती, धड बोलायची नाही आणि धड गप्पही बसायची नाही, म्हणून मी ते नाव ठेवलं. टोमणा म्हणून ठेवलं होतं. पण तिचं नशीब बघा, गिऱ्हाइकांना तेच आवडलं. "अदमुरीचं दही द्या," असं म्हणत लोक दुकानाशी उभे राहायला लागले. आपण नाव ठेवावं आणि त्याची तिच्या दुकानाला पाटी व्हावी, याला काय म्हणायचं.

जळते मी तिच्यावर. आडपडदा कशाला ठेवू? जावा जावा उभा दावा म्हणतात, ते काही कोणी उगीच जोडलेलं नाही.

आमचं घर लांबट आहे. पुढं रस्त्यावर दुकान, मधे स्वयंपाकघर, मागं गोठा. पुढची बाजू तिची आणि मागची माझी. धारा मी काढते. गाईंच्या कासा कोमट पाण्यानं मी धुते, गोचिडं मी वेचते, वासरांना जंतांचं औषध मी पाजते आणि शेणाचा खड्डाही मीच सांभाळते. त्या खड्ड्यातलं खत हातात घ्या, चहाच्या पत्तीसारखं सुटं असतं, आणि मूठभर उकरलं की गांडुळं निघतात. माळी लोक ते मागून नेतात. पण खताला कोणी वा म्हणत नाही. धाकटीची गिऱ्हाइकं रांगेत उभी असतात, माझी गिऱ्हाइकं मातीत वळवळतात.

हे सगळं मी सोसलं असतं. नाही सोसवलं ते विरजण.

लग्न होऊन मी या घरात आले ती आईनं दिलेली झाकणाची वाटी मांडीवर धरून. वाटीत विरजण होतं. तिच्या आईकडून तिच्याकडे आलेलं, रोज नव्या दुधात चमचाभर जुनं घालत जिवंत ठेवलेलं. वाट खडबडीत होती, तरी मी ती वाटी हिंदकळू दिली नाही. नवरा शेजारी बसून हसत होता, म्हणत होता, "माझ्याकडेही बघ जरा." पुढं आई गेली. भावानं घर विकलं. माहेर म्हणून जे काही उरलं ते त्या वाटीत. आईला थंडी फार वाजायची, ऐन उन्हाळ्यातसुद्धा पायावर पांघरूण लागायचं तिला. विरजणही तसंच, जरा गारठलं की रुसायचं.

आधी दही मीच लावायची. चांगलं लागायचं, पण गोठ्यातून सुटका होऊन ते झाकून गार जागी ठेवीपर्यंत आंबून जायचं. मग धाकटी आली. लहानपणीच आई गेलेली, मामाच्या घरी वाढलेली. येताना एक पत्र्याची पेटी आणली होती, बाकी काही नाही. सासूबाईंनी आठवडाभर तिच्याकडे पाहिलं आणि माझी वाटी उचलून तिच्या हातात दिली. मला म्हणाल्या, "तुझे हात सदा शेणात. दह्याला वास लागतो. आणि ही पोरगी बिनआईची आहे, हिला घरात काहीतरी आपलं वाटू दे."

माझं काढून घ्यायचं आणि तिला आपलं वाटू द्यायचं. वा रे न्याय. वाटी पुढच्या बाजूला जाण्याआधी मी त्यातलं चमचाभर काढून ठेवलं. गोठ्याला लागून माझी खोली आहे, तिथल्या फडताळात एक लहान वाटी मी आजतागायत चालू ठेवली आहे. आमची तांबडी गाय दूध बेताचंच देते, त्यातलं कपभर काढून रोज लावते. मी खाते आणि आमचे हे खातात. दुसऱ्या कोणाला दाखवायला ती वाटी नाहीच.

आता खोटं कशाला बोलू, धाकटीचा हात चांगला आहे. नुसता चांगला नाही, छळ व्हावा इतका चांगला आहे. दूध तापवून कोमट झालं की ती मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघते. पातेली उकळत्या पाण्यातून काढते आणि उपडी घालून वाळवते, फडक्यानं पुसत नाही, कारण फडक्यात जंतू असतात. दह्यात कोणी बोट बुडवलं तर ते सगळं पातेलं ती ताकाला लावते आणि बोट बुडवणाऱ्याकडे असं बघते की तो पुन्हा स्वयंपाकघरात पाय ठेवत नाही. माझे दीर तर आता दारातूनच विचारतात, "येऊ का आत, की आधी मलाही उकळून घेतेस?"

दही लावून झालं की ती पातेल्यांना घोंगडी गुंडाळते आणि हळूच म्हणते, "झोपा आता." पातेल्याला अहोजाहो करते. दुकानात लहान पोरं आली की त्यांना सांगते, दुधात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, काही चोर असतात आणि काही पाहुणे. पाहुण्यांना ऊब दिली, वेळेवर जेवू घातलं की ते चोरांना घरात शिरू देत नाहीत. पोरं तोंड उघडी टाकून ऐकतात. त्यांच्या आया वाटीभर जास्तीचं दही घेऊन जातात. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी.

एकदा मी बादली घेऊन दाराशी आले होते. समोरचे शिंपीकाका दही चाटून विचारत होते, "हे विरजण कुठलं गं? अशी चव दुसरीकडे नाही." मी थांबले. मनात म्हटलं, सांगेल आता. ती म्हणाली, "आमच्या घरचंच आहे, काका. सासूबाईंनी दिलं."

सासूबाईंनी दिलं. माझ्या आईचं नाव नाही, माझं नाव नाही. बादली मी तिथंच आपटली आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं सोडलं. अगदी अबोला नाही, एका घरात तो चालत नाही. मी गाईला उद्देशून म्हणायची, "किटल्या भरल्यात म्हणावं, घेऊन जायला सांग." ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "घेते." गाय बिचारी रवंथ करायची.

आणि अशातच काळीला दगडी झाली.

काळी आमची सगळ्यांत दुधाळ गाय. कासेला हात लावला तर एक सड दगडासारखा कडक, गरम, आणि धारेत गुठळ्या. गुरांचे डॉक्टर आले. मानेत सुई टोचली, सडातून औषध सोडलं आणि मला बजावलं, "मी सांगेपर्यंत हिचं दूध कोणाच्या पोटात जाता कामा नये. चारही सडांचं, वासराला देखील नाही. हे औषध जंतू मारतं, आणि ते दुधातून उतरतं."

आमच्याकडे याची रीत ठरलेली आहे, सासूबाईंच्या काळापासून. आजारी गाईची किटली वेगळी आणि तिच्या कडीला लाल चिंधी. चिंधी दिसली की त्या दुधाला कोणी हात लावायचा नाही. मी जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, बांधली, गाठ घट्ट मारली. सकाळचं दूध डेअरीच्या गाडीला जातं, ते मीच नेऊन घालते, त्यामुळं काळीचं सकाळचं दूध मी स्वतः लांब बांधापलीकडे ओतून यायची. माझ्या खड्ड्यात मुळीच नाही, माझ्या गांडुळांनी काय घोडं मारलंय? संध्याकाळचं दूध दह्याचं असतं. धारा झाल्या की मी चाऱ्याला जाते, म्हणून चिंधीवाली किटली पायरीवर बाजूला ठेवायची आणि आमचे हे कामावरून आले की ती ओतून यायचे. असं ठरलं होतं. मी परत यायची तेव्हा किटली रिकामी, धुऊन उपडी घातलेली असायची. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, नवरा किटली धुवायला तरी शिकला.

चिंधी बांधली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी धाकटीनं घोंगडी काढली आणि पातेल्यात दही नव्हतं. दूध तसंच होतं, पातळ, वर थोडं पाणी सुटलेलं, वास कसलासा कुबट. तिनं चमचा घातला, बाहेर काढला, परत घातला. मी दारातून बघत होते. सांगू का, मला काय वाटलं? मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मी तांबडीला गुळाचा खडा दिला.

तिला वाटलं ऊब कमी पडली. तिनं वाटीत राखून ठेवलेलं कालचं उरलेलं सगळं विरजण त्या दिवशीच्या दुधात घातलं, दोन घोंगड्या गुंडाळल्या. सकाळी पुन्हा तेच. आता विरजणही संपलं. ज्या दुधात घातलं त्या दुधातच ते मेलं. दुकानाच्या फळीवर ताकसुद्धा नव्हतं. शिंपीकाका रिकामा डबा घेऊन परत गेले. पोरांच्या आया पुढच्या गल्लीतल्या दुकानाकडे वळल्या. आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक मांजरासारखं असतं, दुसरीकडे दूध मिळालं की विसरतं.

मग घरातल्यांच्या नजरा माझ्याकडे वळायला लागल्या.

जेवताना दीर हसत हसत म्हणाले, "वहिनी, तुम्ही काही टाकलं तर नाही ना पातेल्यात? मीठबीठ?" हसत म्हणाले, पण उत्तराची वाट बघत होते. सासूबाई माझ्या हातांकडे बघत होत्या. आमचे हे ताटात बघत होते. एवढी वर्षं या घराचं शेण काढलं आणि शेवटी नाव काय मिळालं, तर दूध नासवणारी.

"मला नासवायचंच असतं," मी म्हटलं, "तर दह्यापर्यंत कशाला थांबले असते? गोठा माझ्या हातात आहे." हे मी बोलायला नको होतं. दिरांचा घास हातातच राहिला. धाकटी मात्र खाली मान घालून म्हणाली, "त्या असं करायच्या नाहीत." मला त्याचाही राग आला. माझी बाजू घ्यायला ती कोण?

संध्याकाळी ती गोठ्यात आली. गोठ्यात ती कधी येत नाही, कारण इथं जंतूंचं संमेलन भरलेलं असतं असं तिचं मत. एक हात पदराखाली होता. म्हणाली, काळी आता बरी दिसते. मी म्हटलं, हो. म्हणाली, यंदा चारा ओला आहे. मी म्हटलं, हो. मग तांबडीच्या पाठीवरून दुसरा हात फिरवायला लागली. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते मी पुस्तकात वाचलेलं नाही, डोळ्यांनी पाहिलं. पदराखाली वाटी होती. कड दिसत होती.

"काय हवंय ते बोल," मी म्हटलं. थेट तिच्याशी, गाईमार्फत नाही.

"जाऊबाई, तुमच्या फडताळात दही असतं. मोठ्या भाऊजींच्या ताटात बघितलंय मी. चमचाभर विरजण द्याल?"

याच दिवसाची मी वाट बघत होते. मनात कितीदा घोळवून ठेवलं होतं, की ती मागायला येईल आणि मी विचारीन. म्हणून विचारलं, "देते. आधी सांग, हे विरजण कुणाचं?"

ती गोंधळली. "तुमचं."

"माझं कुठून आलं?"

"सासूबाईंनी माझ्यासारखं तुम्हालाही दिलं असेल ना. या घरचंच आहे ना ते?"

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिला खरंच माहीत नव्हतं. सासूबाईंनी सांगितलंच नव्हतं. बिनआईच्या पोरीला काहीतरी आपलं वाटावं, म्हणून माझी आई त्यांनी पुसून टाकली होती. आणि मी इतके दिवस जिच्यावर दात खात होते, तिनं मला फसवायला मुळात तिला काही ठाऊकच नव्हतं. याचंही मला बरं वाटलं नाही. चूक नसलेल्या माणसाचा राग धरणं फार अवघड जातं.

मी वाटी आणायला वळले आणि मागच्या दोरीकडे नजर गेली. दोरीवर तिची फडकी वाळत होती, उकळून पांढरीशुभ्र केलेली. त्यांच्या शेवटी लाल चिंध्या होत्या, एकीशेजारी एक, नीट घडी घातलेल्या. माझ्या जुन्या लुगड्याच्या.

"या चिंध्या कुठल्या?"

"त्या होय? किटलीच्या कडीला कोणीतरी बांधत होतं हो. रोज काढते, रोज नवी असते. घाणेरडी चिंधी दुधाच्या भांड्याला... मी किटलीही रोज उकळून ठेवते."

"आणि दूध?"

"दूध बाकीच्या दुधात मिसळते. पायरीवर एक किटली राहून जायची ना, मला वाटलं तुमच्याकडून विसरते."

मला हसू आलं आणि रडूही आलं. आजारी गाईची खूण म्हणून बांधलेली चिंधी, तिला त्यात फक्त घाण दिसली. स्वच्छतेनंच घात केला होता. आमच्या ह्यांना वाटायचं मी ओतलं, मला वाटायचं त्यांनी ओतलं, आणि किटली धुऊन कोण ठेवतं हे कोणी कुणाला विचारलं नाही. चिंधीचा अर्थ तिला सांगायचा राहिला म्हणाल, तर तो सासूबाईंनी सांगायला हवा होता. विरजण तेवढं हातात द्यायचं आणि चिंधी सांगायची नाही, ही कुठली रीत?

मी तिला सांगितलं. दगडी, सुई, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं. ती चाऱ्याच्या भाऱ्यावर बसली. लोकांच्या पोटात काही गेलं का, हे आधी विचारलं. काही गेलं नव्हतं, दही लागलंच नाही म्हणून विकलंच गेलं नव्हतं. ते न लागणं केवढं उपकाराचं झालं, ते मग माझ्याही ध्यानात आलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे त्या औषधानं माझी सगळी मेली. पाहुणे आणि चोर, दोन्ही. त्याला ओळखता येत नाही ना." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, दह्यासाठी. तेव्हा मी तिला सांगितलं की ते विरजण माझ्या आईचं आहे, मांडीवरच्या वाटीतून आलेलं. तिनं पदराखालची वाटी काढून दोन्ही हातांनी पुढं धरली.

मी दिलं. मोठ्या मनानं नाही, आधीच सांगते. दिलं कारण आता सगळ्यांना कळणार होतं. जेवताना मी सगळ्यांसमोर चिंधीची गोष्ट सांगितली. दीर कान धरून म्हणाले, "वहिनी, चुकलो." सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आईचं होतं हो ते, विसरलेच मी." विसरल्या म्हणे. बरं.

तांबडीच्या आणि इतर गाईंच्या दुधात दही लागलं. सुरीनं कापावं असं. फळीवर पातेली मांडली आणि पहिलेच शिंपीकाका आले. मी मुद्दाम बादली घेऊन दाराआड उभी राहिले. धाकटीनं सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं, "काका, हे आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या आईचं विरजण आहे. आधीचंही त्यांचंच होतं. मला माहीत नव्हतं."

शेवटी आईचं नाव निघालं.

काकांनी बोट चाटलं. "तरीच," ते म्हणाले, "आज जरा आंबट वाटतंय. आधीचं झकास होतं."

"अहो, हे तेच आहे."

"छे गं. जिभेला कळतं. तुझा हात लागू दे परत, होईल गोड."

मागच्या बाईनंही मान डोलावली. तेच विरजण, त्याच गाई, तोच हात. फक्त नाव बदललं तर आंबट झालं. बादली काकांच्या डोक्यावर उलटी व्हायची राहिली, एवढंच.

दुपारी मी धाकटीला म्हटलं, "उद्यापासून नाव घेऊ नकोस."

"का हो? खरं आहे ते."

"खरं आहे, पण दही खपायला हवं. लोक कानानं चाखतात. तुझ्या नावानं विक."

ती बराच वेळ पातेलं खरवडत राहिली. दुसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही आणि काकांनी दोन वाट्या नेल्या, म्हणाले, "आता कसं." माझ्या पोटात दुखायचं ते पुन्हा सुरू झालं. अजूनही दुखतं. रांग बघितली की दुखतं.

त्या संध्याकाळी काळीची किटली घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. डॉक्टरांनी सांगितल्यावरच, आणि चिंधी सोडून. धाकटी पातेल्यांना घोंगडी गुंडाळत होती. वाकून म्हणाली, "आई, झोपा आता."

"कुणाला म्हणालीस?"

ती दचकली. "आईंना. तुमच्या. दुकानात नाव घ्यायचं नाही म्हणालात, म्हणून इथं घेते." मग म्हणाली, "मला म्हणायला कोणी नव्हतंच कधी. म्हणू ना?"

दुकान घेतलं, विरजण घेतलं, मी ठेवलेलं नावसुद्धा घेतलं. आई तेवढी राहिली होती. मी किटली खाली ठेवली. माझी आहे ती, असं तोंडापर्यंत आलं होतं. घोंगडीचं एक टोक सुटून लोंबत होतं, आणि मला ते बघवेना.

"नीट गुंडाळ," मी म्हटलं. "तिला थंडी सोसत नाही."